पुढच्या सीटवरचं काम

तो सिनेमा मी झोप यावी म्हणून मोबाइलमध्ये घेतला होता, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात नोकरी करणारी माझी लेक दोन महिने मागे लागली होती, की आई, एकदा बघच. सायकॉलॉजिकल थ्रिलर आहे म्हणाली. या प्रकाराशी माझं कधी जमलं नाही. सुरुवातीला कुणीतरी आरशात बघतं, मध्यावर वीज जाते, आणि शेवटी एक डॉक्टर खुर्चीत बसून पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगतो. म्हणजे दीड तास आपल्याला मूर्ख बनवायचं आणि वर शिकवणी लावायची. सव्वीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे, शिकवणी मला लांबून ओळखू येते. त्यातून या सिनेमाच्या पोस्टरवर फुटलेली काच आणि काचेत एक डोळा. नट ओळखीचा नाही. दक्षिणेकडच्या कुठल्याशा भाषेतला, हिंदीत डब केलेला. लेकीचं मन राखायला मी तो उतरवून घेतला आणि विसरून गेले.

माझी शाळा धडगावच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर आहे आणि घर खाली ब्राह्मणपुरीत, केळी आणि ऊस असलेल्या सपाटीवर. आठवडाभर धडगावला खोली घेऊन राहायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की जीपने चांदसैलीचा घाट उतरून तळोद्यावरून घर गाठायचं, आणि सोमवारी पहाटे मिळेल त्या गाडीने परत. उतरताना मात्र आठ वर्षं एकच जीप. ड्रायव्हर पावरा आदिवासी आहे, तिशीतला, अंगाने किरकोळ, गळ्यात बारा महिने गमछा. त्याची पावरी मला धड येत नाही, माझी घरची गुजरी बोली त्याला कळत नाही, आणि पुस्तकी मराठी मी शाळेतच ठेवून येते. त्यामुळे आमचं दोघांचं सगळं अहिराणीत चालतं. बाकीचे ड्रायव्हर पुढच्या सीटवर तिघांना कोंबतात. हा मला एकटीला बसवतो, बाई म्हणून मान. पण फुकटचा मान जगात कुठे मिळत नाही. त्या सीटला एक काम चिकटलेलं आहे.

पुढे बसेल त्याने घाटात ड्रायव्हरशी बोलत राहायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण डोंगरातल्या जीपने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ड्रायव्हर पहाटेपासून गाडीवर असतो. दुपारी ऊन काचेतून येतं, इंजिनाची ऊब पायाला लागते आणि डोळे जड होतात. पहिल्या वर्षी मी आपली शाळेतल्या गमती सांगत सुटले होते. तेव्हा त्याने मला समजावलं, की बाई, सांगू नका, विचारा. ऐकणाऱ्याला झोप लागते, उत्तर देणाऱ्याला लागत नाही. एवढं शहाणपण मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी वर्गातही तेच करू लागले आणि पेंगणारी पोरं कमी झाली.

ही गोष्ट होळीच्या आठवड्यातली. खाली आमच्याकडे होळी एका दिवसात उरकते. वर डोंगरात तसं नसतं. प्रत्येक गावाची होळी वेगळ्या दिवशी, म्हणजे याला त्याच्याकडे आणि त्याला याच्याकडे जाता येतं. संध्याकाळी ढोल सुरू होतो तो उजाडेपर्यंत थांबत नाही. माझा ड्रायव्हर ढोल वाजवतो, आणि नुसता वाजवत नाही, त्याला लांबच्या गावांहून बोलावणं येतं. त्या आठवड्यात त्याने तीन गावांत ढोल वाजवला होता आणि दिवसा जीप चालवली होती. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरू नये.

आणि मी त्याच्यावर रुसले होते. आदल्या शनिवारी, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या गर्दीत, तो मला न घेताच निघून गेला होता. सीट राखतो म्हणून सकाळी सांगून गेला आणि मी स्टँडवर पोचले तर जीप गायब. पुढची गाडी मिळेपर्यंत मी दोन तास उन्हात उभी होते. पन्नाशीच्या बाईने रुसू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी धडगावच्या स्टँडवर होळीच्या उन्हात दोन तास उभं राहून दाखवावं. तो स्वतःहून काही बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवूनच आले होते. त्याने मला येताना पाहिलं. बोलला काहीच नाही. गळ्यातला गमछा काढून माझी सीट पुसली आणि दार धरून उभा राहिला. मी ताठ मानेने बसले, कानात इअरफोन घातले, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो सिनेमा लावला.

जीप भरली होती. ड्रायव्हरच्या बरोबर मागे एक बाळंतीण होती, माहेरून सासरी निघालेली, मांडीवर महिन्याभराचं तान्हं. तिच्या शेजारी एक म्हातारा, होळीत नाचताना घातलेला मोरपिसांचा टोप मांडीवर जपून धरलेला. टपावर चार तरुण. सगळ्यांचे डोळे जागरणाने सुजलेले.

सिनेमात एक रेल्वे फाटक होतं. माळावर एकटंच, आजूबाजूला वस्ती नाही. फाटक लावणारा माणूस, त्याची बायको, सात-आठ वर्षांची मुलगी आणि एक बकरी. पहिली दहा मिनिटं मी खोट काढायच्या तयारीने पाहिली. आता आरसा येईल म्हणून वाट बघत होते. आरसा आला नाही, वीज गेली नाही. घाबरवणारं संगीतही नव्हतं, नुसता वारा. तो माणूस झेंडा दाखवतो, जेवतो, अंगण झाडतो, वेळेवर फाटक लावतो. सगळं बरोबर. फक्त बायकोने काही विचारलं की तो म्हणतो, हं.

भाजी वाढू? हं. उद्या बाजारला जायचं? हं. मला हसू आलं, कारण असला नवरा घरोघरी असतो, माझ्याही घरी आहे. मग एका दुपारी ती भांडी घासताना, मान वर न करता, सहज विचारते, मी मेले तर? तो म्हणतो, हं. त्याच सुरात. त्याचे डोळे उघडे आहेत, रुळांकडे लागलेले आहेत. ती हात थांबवते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. तिथे माझ्या अंगावर काटा आला, भर दुपारी, भरलेल्या जीपमध्ये.

पुढे तिचं कुणी ऐकत नाही. साहेब म्हणतो, माणूस कामात चुकत नाही. सासू म्हणते, कधी उलट बोलत नाही, असा नवरा नशिबाने मिळतो. डॉक्टर आला तेव्हा मी म्हटलं, सुटले, आता शिकवणी. पण तो थकवा आहे एवढं म्हणून उठून गेला. ती बाई एकटी पडते. रोज नवऱ्याच्या समोर बसून त्याच्या डोळ्यांत बघते, आत कुणी आहे का म्हणून. हळूहळू तिला वाटायला लागतं, की आपलंच डोकं फिरलं असावं. मलाही तसंच वाटायला लागलं. एक भूत नाही, एक चाकू नाही, आणि मी पाय वर ओढून घेतले होते.

मध्ये केव्हातरी घाट सुरू झाला. एरवी वाजणारी टेप बंद आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. बिघडली असेल म्हटलं. एरवी गलका करणारे मागचे लोकही चिडीचूप होते. जागरण झालंय बिचाऱ्यांचं, असं म्हणून मी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मग ती जागा आली. लांबून गाडीचा आवाज येतो आहे. माणूस फाटकाच्या चाकावर हात ठेवून उभा आहे. बायको अंगणातून विचारते, फाटक लावलं? तो म्हणतो, हं. ती बाहेर येऊन बघते तर फाटक उघडं, आणि मुलगी बकरीच्या मागे धावत रुळांवर. ती जिवाच्या आकांताने किंचाळते. त्याबरोबर तो दचकतो, हात चाकावर फिरतो आणि दोन्हीकडची फाटकं धाडकन खाली येतात. मुलगी आत अडकते. मी तिथे सिनेमा थांबवला. माझं बोट आपोआपच गेलं.

अशा वेळी माणसाला माणसाचा आवाज लागतो. रुसवा कुठल्या कुठे गेला. मी इअरफोन काढले आणि मोबाइल पर्समध्ये टाकता टाकता म्हटलं, "भलता भयंकर सिनेमा शे भाऊ हाऊ."

"हं," तो म्हणाला.

मला वाटलं, तोही रागावला आहे. ठीक आहे, मी पडतं घेते. मी विचारलं, "टेप बिघडना का?"

"हं."

तो सूर माझ्या कानाला ओळखीचा वाटला. आम्ही घाटाच्या मध्यावर होतो. तळोदं यायला अजून बराच वेळ होता. मी हळूच विचारलं, "तळोदं उनं का?"

"हं."

तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते. रस्त्यावर लागलेले होते. पापणी हलत नव्हती. वळण आलं की हात बरोबर वळत होते, कारण आठ-दहा वर्षांत त्या हातांना घाट पाठ झाला होता. पण उतारावर तो नेहमी खालचा गिअर टाकतो, तो टाकलेला नव्हता आणि जीप वेग घेत चालली होती. माझ्या बाजूला दरी. चुना फासलेले दगड एकामागून एक जात होते, आणि त्यांच्या पलीकडे फुललेल्या पळसांचे शेंडे माझ्या पायांच्या खाली दिसत होते. मी इथे उडी मारू का, असं त्याला विचारावं असं माझ्या मनात आलं. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं. मी विचारलं नाही.

किंकाळी घशात आलीच होती. तो माझा स्वभावच आहे. मी वर्गात ओरडले की पाड्यावरच्या कोंबड्या पळतात. पण डोळ्यांसमोर ते धाडकन पडलेलं फाटक होतं. दचकलेला हात कुठे फिरेल, सांगता येत नाही. डावीकडे फिरला तर सतरा माणसं. पाच मिनिटांपूर्वी तो सिनेमा पाहिला नसता तर मी ओरडले असते, यात मला तिळमात्र शंका नाही. मी ओठ आवळले. मला गाडी चालवता येत नाही. ब्रेक कुठे असतो तेवढं माहीत आहे, पण तिथे त्याचे पाय होते. मागे ते तान्हं झोपेत कण्हल्यासारखं करत होतं, तो बारीक आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला.

मला एकच येतं, प्रश्न विचारणं. पण हं म्हणून भागणार नाही असा प्रश्न हवा होता. पेंगणाऱ्या पोराला मी फळ्यावरचं वाच म्हणत नाही, बाकं मोजायला लावते. मी आवाज होता होईल तेवढा खाली ठेवला आणि विचारलं, "गाडीमा कितला मानसं शेतस?"

तो काही बोलला नाही. त्याने हं म्हटलं नाही, एवढ्यावर मला धीर आला. पुढचं वळण दिसायला लागलं होतं, अगदी चिमट्यासारखं दुमडलेलं. मी तोच प्रश्न, तशाच आवाजात, पुन्हा विचारला. त्याचे ओठ हलले. नजर रस्त्यावरून सुटली आणि वरच्या आरशाकडे गेली.

"मांगे दहा," तो म्हणाला. जीभ जड झालेली होती.

"आनि टपवर?"

"चार." मग त्याच्या कपाळावर आठी पडली, हिशोब चुकल्यावर पोरांच्या पडते तशी. त्याने आरशात पुन्हा पाहिलं. "तान्हं बी शे मांगे एक," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज त्याचा झाला. पापणी मिटली, उघडली. पाय ब्रेकवर आला. गिअर करकरला, जीप हिसका देऊन डोंगराच्या बाजूला सरकली आणि वळणाच्या अलीकडे उभी राहिली. पुढचा चुन्याचा दगड दहा पावलांवर होता. ती पावलं मी नंतर उतरून मोजली.

तो खाली उतरला. पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेतली आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून मान खाली घालून उभा राहिला. मागच्यांना वाटलं इंजिन तापलं. टपावरच्या एकाने उतरून चाकाखाली धोंडा लावला. म्हातारा मोरपिसं सारखी करत होता. बाळंतीण पदराआड तान्ह्याला पाजत होती. कुणाला काही कळलं नव्हतं. उरलेला घाट मी प्रश्न विचारत उतरवला. होळीत कोण कोण नाचलं, कुणाचा ढोल फुटला, पाहुणे कुठून आले. तो एकेका शब्दात उत्तरं देत होता.

सिनेमा मी महिन्याभराने पूर्ण पाहिला, घरी, भर दुपारी, नवऱ्याला समोर बसवून. त्या मुलीचं काय होतं ते सांगत नाही, ज्यांना पाहायचा आहे त्यांनी पाहावा. डॉक्टर परत येत नाही, एवढं सांगते. लेकीला फोनवर म्हटलं, की बाई, मी याला फार कमी लेखलं होतं, माझी चूक झाली. ती खूश झाली. सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली असं तिने विचारलं, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ती जागा सिनेमात नव्हती, आणि खरं म्हणजे घाटातही नव्हती.

घाट संपल्यावर खाली चहाची एक टपरी आहे. त्या दिवशी तिथे सगळे उतरले. तो चहाचा ग्लास घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लालभडक, केसांतून अजून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता हा माफी मागेल, आणि मी मोठ्या मनाने त्याला माफ करून टाकेन. मनात मी शब्दही जुळवून ठेवले होते.

तो म्हणाला, "माले वाटनं तुम्ही जपी गयात, बाई. मांगला शनवारले उनमा उभ्या ऱ्हायन्यात, थकेल व्हतीन. म्हनीसन मी टेप बंद करी दिना. मांगलासले बी सांगं, बोलू नका, बाई जपेल शेतस."

मान खाली, पाय वर बघून मला झोप लागली असं त्याला वाटलं होतं. म्हणून त्याने टेप बंद केली होती आणि मागच्या दहा जणांना गप्प बसवलं होतं. आठ वर्षांत मी त्या सीटवर कधी तोंड मिटून बसले नव्हते, तेव्हा माझ्या गप्प बसण्याचा दुसरा काही अर्थ असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. मी त्याला धडा शिकवायला गप्प बसले, आणि त्याने माझी झोप मोडू नये म्हणून सगळी जीप गप्प केली. त्या शांततेत त्याचा डोळा लागला. खरी भीती मला वाटली ती तेव्हा. मी टपरीच्या बाकड्यावर बसले. समोर ती बाळंतीण तान्ह्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत होती आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. बाई झोपेतून उठल्या म्हणून हसली असेल.

गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणी विचारणार नव्हतं. पण त्या दिवशी गप्प राहण्याची मला धास्तीच बसली होती.

"मी जपेल नव्हती, भाऊ," मी म्हटलं. "मी रुसेल व्हती."

त्याने चहा संपवला, ग्लास विसळून टपरीवाल्याला दिला. मग जीपकडे गेला, गमछा काढून माझी सीट पुन्हा एकदा पुसली आणि दार धरून उभा राहिला.

"मंग आते इचारा, बाई," तो म्हणाला.

मी चढून बसले आणि तळोदं येईपर्यंत विचारत राहिले.